उताऱ्यावर नाव कुणाचं?

ती शंभराची नोट अजून माझ्या पाकिटात आहे. मोडवत नाही आणि ठेववतही नाही. मी कायम नोकरीतला, स्वतःच्या घरात राहणारा, घरपट्टी वेळेवर भरणारा बावन्न वर्षांचा माणूस आहे. गेल्या आठवड्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं मला बेघर समजून ही नोट दिली. दिली मुलीच्या हातात, पण बघत होता माझ्याकडे.

सोलापूरकराकडे नाताळ वंदे भारतनं येतो. पूर्वी मुंबईचे पाहुणे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी उतरायचे, चहा-पोह्यांवर भागायचं. 2023च्या फेब्रुवारीत वंदे भारत सुरू झाली आणि ती रात्री पावणेअकराला माणसं आणून सोडू लागली. गाडीत जेवण मिळतं. पण येणारा प्रत्येक जण ‘वहिनींच्या हातच्या भाकरीसाठी’ पोट राखून येतो. परतीची गाडी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे आमच्या घरी साडेचारला चहा. मधल्या दिवसांत एक दिवस तुळजापूर, एक दिवस अक्कलकोट, एक दिवस पंढरपूर, आणि अंगात रग उरलीच तर गाणगापूर. “तुमचं घर किती सेंटरला आहे हो!” असं प्रत्येक जण म्हणतो. सोलापूर बघायला आजवर एकही आलेला नाही. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, भुईकोट किल्ला त्याला लागूनच आहे, सांगून बघितलं. “पुढच्या वेळी नक्की,” म्हणतात आणि चादरींचा भाव विचारतात.

त्यात पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. पाणी कधी येणार यावर आमच्या घरातली कपड्यांची, भांड्यांची, किंबहुना स्वभावाचीही वेळापत्रकं ठरलेली आहेत. आणि डोंबिवलीचा माणूस नळ सुरू ठेवून दात घासतो. सावकाश घासतो. वर फेस भरल्या तोंडानं विचारतो, “तुमच्याकडे प्रेशर चांगलं आहे की!” ते प्रेशर माझ्या टाकीचं असतं, आणि माझं वेगळंच.

तर यंदा नऊ जण येणार होते. आतेभाऊ, वहिनी, दोन मुलं, वहिनींचे आई-वडील, त्यांचा भाऊ, भावाची बायको, आणि एक बाई, जिचं नातं अजून लागायचं आहे. माझ्या चार किरकोळ रजा 31 डिसेंबरला वाया जाणार होत्या. मुलीच्या शाळेला नाताळची सुट्टी होती. तिच्या शाळेत सांता होण्यासाठी मी आधीच एक उशी फोडून कापसाची दाढी करून दिली होती, त्यामुळे सणाचा माझा वाटा उचलून झाला होता. मी फोनवर धीर करून सांगितलं, “अरे, आम्ही नाताळात बाहेरगावी चाललोय. कॅम्पिंगला.”

“वा वा, जा की!” आतेभाऊ म्हणाला. “किल्ली शेजारी ठेव.”

बायको तेव्हापासून माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलत होती.

तंबू ऑनलाइन मागवला. ‘चार माणसांचा’ असं लिहिलं होतं. ती चार माणसं अगरबत्तीसारखी एका बाजूला लागून झोपणारी असावीत. उजनीच्या पाण्याकाठच्या एका ठिकाणी आधी चौकशी केली होती. तिथं माणशी दर ऐकून आणि ‘रात्री डीजे, मध्यरात्री केक’ हे ऐकून फोन ठेवला. ताणापासून पळायचं आणि पैसे भरून तोच ताण उघड्यावर घ्यायचा? मग ऑफिसातल्या एकानं हत्तरसंग कुडल सुचवलं. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम, पलीकडे कर्नाटक. शांत जागा.

जागा खरोखर सुंदर आहे, हे मी रागातही कबूल करतो. संगमेश्वराच्या देवळात शके 940चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. त्यात जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे. मी ती मुलीला मोठ्यानं वाचून दाखवली. जवळच हरिहरेश्वराच्या देवळापाशी एक शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलेली. ते बघून बायको पहिल्यांदा स्वतःहून बोलली. म्हणाली, “आपल्याकडे नऊच आहेत. कुरकुर काय करताय?”

दुपारी एका शेताच्या कडेला जागा बघितली. शेजारी ज्वारी हुरड्यात आलेली. बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, डोक्याला पांढरा पटका, हातात विळा. मी रीतसर विचारलं, “मामा, इथं दोन दिवस तंबू टाकला तर चालेल का?”

त्यांनी आमच्याकडे बघितलं. गाडीतून उतरणाऱ्या गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, पोरगी, तिच्या हातातला कापसाच्या दाढीचा उरलेला गोळा. मग हळू आवाजात म्हणाले, “टाका की. भुई काय माझी एकट्याची हाय व्हय?”

तेव्हाच मला त्या आवाजातली कणव ओळखायला हवी होती.

तंबूच्या मेखा काळ्या रानात रोवायच्या नसतात, हे कुणी पाकिटावर छापत नाही. डिसेंबरात काळी भुई भेगाळते. मेख लोण्यात घुसावी तशी घुसते आणि हात काढला की आडवी होते. माझी मेख तर एका भेगेत पडून पाताळात गेली. मामा अर्धा तास काही न बोलता बघत होते. मग उठले, गोठ्यातून बैल बांधायचे दोन लाकडी खुंटे आणले, दगडानं ठोकले आणि माझा तंबू गाठ मारून बांधून टाकला. अगदी बैल बांधतात तसा. आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

“पाव्हणं, गाव कुठलं?”

“सोलापूर.”

“सोलापुरात घर?”

“आहे की.”

“भाड्याचं?”

“नाही, स्वतःचं.”

“मग कुलूप लावलंय?”

इथं मी खरं बोललो. आयुष्यात नको तिथं खरं बोलायची मला खोड आहे. “नाही, पाहुणे आहेत घरात.”

मामांनी विळा खाली ठेवला. “पाव्हणं घरात. अन् घरधनी हितं.”

“हो.”

“लेकराला घेऊन.”

“हो.”

बराच वेळ ते सीनेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “किती वर्सं झाली?”

“कशाला?”

“त्यांनी घर बळकावल्याला.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मी समजावून सांगायला गेलो, की मामा, तसं काही नाही, ते माझे आतेभाऊ आहेत. ‘आतेभाऊ’ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा लखकन उजळला, धागा हाती लागलेल्या फौजदारासारखा. “भाऊबंदकी! म्हना की आसं!” मग त्यांच्या चुलत्याची गोष्ट निघाली. त्यात एक बांध होता, दरवर्षी नांगराच्या एका तासानं सरकणारा. एक कडुलिंब होता, जो 1972च्या दुष्काळात लावला होता की आधी, यावर दोन पिढ्या कोर्टात हेलपाटे घालत होत्या. शेवटी कडुलिंब पडला, पण केस उभी होती. ही गोष्ट तासभर चालली. मधे हुरडा भाजून झाला, खाऊन झाला. (मामांचं मत, मालदांडीचा हुरडा हा काही हुरडा नव्हे, गुळभेंडीचा खावा, पण ‘तुमच्यावर वेळच अशी आलीया तर’ आज हाच.) मी चार वेळा म्हणालो की आमचं भांडण नाही. दरवेळी ते समजुतीनं मान हलवायचे. घरची अब्रू बाहेर काढायची नाही, हे त्यांना माझ्यातलं आवडलेलं दिसत होतं.

“एक सांगा,” शेवटी ते जवळ सरकून म्हणाले. “उताऱ्यावर नाव कुणाचं हाय?”

“माझं.”

“एकट्याचं?”

“माझं आणि हिचं.”

“मग भिताव कशाला?” ते एकदम उसळले. “उतारा तुमच्या नावावर अन् तुमी कापडाच्या घरात! भांडी बाहेर फेका की त्यांची!”

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर वहिनींच्या भावाची चाकं असलेली निळी बॅग जिन्यावरून गडगडत जाताना दिसली आणि फार बरं वाटलं. माझं दुःख इतक्या नेमकेपणानं इतकी वर्षं कुणी ओळखलं नव्हतं. घर माझ्या नावावर आहे आणि मी कापडाच्या घरात आहे. यात चूक काय होतं?

तेवढ्यात मामी आल्या. त्या कानडी बोलत होत्या. माझी बायको अक्कलकोटची, तिला कानडी येतं. मला ‘ऊटा’ म्हणजे जेवण एवढंच कळतं, तेही सासुरवाडीला उपयोगी पडतं म्हणून. त्या दोघी माझ्याकडे बघत दहा मिनिटं बोलल्या आणि खळखळून हसल्या. मग मामींनी मुलीचा हात धरला. बायकोनं पिशवी उचलली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, बाईमाणसानं आणि लेकरानं उघड्यावर झोपू नये. आत पलंग आहे.”

“आणि मी?”

“तुम्ही कॅम्पिंगला आलात ना?”

रात्रीचं फार सांगत नाही. मे महिन्यात त्रेचाळीस अंश सोसलेल्या सोलापूरकराला डिसेंबरची रात्र नदीकाठी काय करते ते ज्याचं त्याला कळतं. त्यातून तंबूचं कापड आतून ओलं होतं. आपलाच श्वास गार कापडाला लागून थेंब होतो आणि आपल्याच कपाळावर टपकतो. स्लीपिंग बॅगची चेन छातीपाशी अडकली. हात आत, चेन बाहेर. पहाटे मामा बैल घेऊन आले तेव्हा मी गाठोड्यासारखा गडगडत दारापाशी पोचलो होतो. त्यांनी चेन सोडवली, घरातून चादर आणून माझ्यावर टाकली आणि म्हणाले, “सोलापूरचं असून चादर आणली न्हाई?” भौगोलिक मानांकन मिळालेली, जगभर जाणारी माझ्या गावची चादर मला कुडलला एका परक्या माणसाकडून पांघरून घ्यावी लागली. यावर मी काही बोलू शकलो नाही. उबदार होती.

सकाळी आठला गाव आलं. आधी पोरं, मग पोरांच्या आया, मग तंटामुक्ती समितीचे म्हणून एक गृहस्थ, जे खुर्ची सोबत घेऊनच आले. त्यांनी माझी बाजू ऐकली. समोरच्या पार्टीचा फोन नंबर मागितला. मी नाही म्हणालो तर मामांकडे वळून म्हणाले, “लई भिडस्त माणूस हाय.” मामा म्हणाले, “म्हनून तर ही पाळी आली.” मग सगळ्यांनी मिळून माझ्या तंबूकडे बघितलं. दोन दिवसांसाठी आलेला मी एका रात्रीत तंबू गुंडाळू लागलो. तो पिशवीतून निघाला होता तेवढाच होता, पण परत पिशवीत जाईना. शेवटी समितीच्या गृहस्थांनी त्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर ते बसले, तेव्हा गेला.

निघताना मामींनी बायकोची ओटी भरली, माहेरून निघालेल्या लेकीची भरावी तशी. पायलीभर ज्वारी दिली. मामांनी धोतराच्या सोग्यातून ती नोट काढून मुलीच्या मुठीत ठेवली. “वह्या घे, बाळ. शाळा सोडू नकोस.” मी ती परत करायला गेलो तर माझा हात धरून म्हणाले, “राहू द्या. दिवस फिरत्यात.” माझा नंबरही लिहून घेतला.

घरी आलो. पाहुणे होतेच, रिझर्वेशन 30चं. “अरे, इतक्यात आलात?” असं आतेभावानं दारात विचारलं. माझ्याच दारात. जरा नाराजही दिसला, कारण आमच्या खोलीत त्याचे सासू-सासरे होते आणि हॉलमध्ये वीतभर जागा नव्हती. त्या नातं न लागलेल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि ‘बसा ना’ म्हणाल्या. टाकी तळाला गेली होती. नळ यायला अजून दोन दिवस होते.

बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात मावल्या. मी तंबू घेऊन गच्चीवर गेलो. तिथं काळी माती नाही, सिमेंट आहे. मेखा लागत नाहीत, कुंड्यांना बांधला. चार माणसांच्या तंबूत मी एकटा बऱ्यापैकी मावतो. मामींची ज्वारी उशाला घेतली.

नऊच्या सुमारास फोन वाजला.

“पाव्हणं, पोचलाव नीट?”

“पोचलो मामा.”

“घरात घेतलं का?”

“घेतलं की.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

“वारं ऐकू येतंय मला,” मामा म्हणाले.