टॉवेल एक नग

लेहच्या हॉटेलातून निघताना बिलाच्या शेवटी एक ओळ होती: टॉवेल एक नग, 400 रुपये. परवाचीच गोष्ट आहे, त्यामुळे जखम ताजी आहे. बायको म्हणाली, अरे सोड ना, विमानाची एवढी तिकिटं काढलीस आणि चारशेला रडतोस. चारशे गेले तर गेले हो, पण तो टॉवेल माझ्या अंगाला लागलासुद्धा नाही!

तर पनामिक. नुब्रा खोऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत, लेहपासून साधारण दीडशे किलोमीटर आणि मध्ये 'खारदुंग ला' ही खिंड आडवी. शहाणी माणसं नुब्राला एक मुक्काम करतात. आमच्या टूरमध्ये शेवटच्या आधीचा दिवस 'मोकळा' ठेवलेला आणि मोकळा दिवस दिसला की आपल्या लोकांना घाम फुटतो, पैसे वाया चालले असं वाटतं. बारा जणांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. पहाटे पाचला निघायचं, झऱ्यावर मस्त आंघोळ करायची, रात्री जेवायला परत. म्हणजे जाऊन येऊन तीनशे किलोमीटर, एका आंघोळीसाठी. पुण्यात गिझर बंद पडला तर मी खालच्या मजल्यावर सख्ख्या मेव्हण्याकडेसुद्धा आंघोळीला जात नाही, पण लेहला चार दिवस मी आंघोळीच्या नावाखाली ओल्या टिश्यूने जे काय करत होतो त्यानंतर मला कुणी गरम पाणी म्हटलं असतं तर मी चीनपर्यंत गेलो असतो.

गाडीत माझ्या शेजारी काका आले. डोंबिवलीचे, मूळचे संगमेश्वरचे, रिटायर्ड. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून कापराची पुरचुंडी काढून माझ्या नाकाला लावली. माझ्या, विचारलंसुद्धा नाही. "घे घे, ऑक्सिजन मिळतो." मी म्हटलं काका, मी डायमॉक्स घेतलीय, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून असते ती गोळी. "अरे कसली केमिकल खातोस, मला बघ, सकाळी दोन लसणाच्या पाकळ्या आणि कापूर, टकाटक!" डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात आणि दर अर्ध्या तासाने लघवीला लागते. त्यामुळे खिंडीच्या अलीकडच्या साऊथ पुल्लूपर्यंत मी तीनदा गाडी थांबवली आणि तिन्ही वेळा काकांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "केमिकल, केमिकल बाहेर पडतंय."

खारदुंग लाबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांनी फोटो बघितलेत. वर्षानुवर्षं तिथल्या पाटीवर 18,380 फूट आणि जगातला सगळ्यात उंच मोटार रस्ता असं लिहिलेलं. जीपीएसने मोजलं तर भरतात साधारण 17,582, म्हणजे आठशे फूट तशीच खिशात घातलेली. आणि आता उमलिंग लाचा रस्ता एकोणीस हजारांच्या वर गेल्यामुळे उरलेल्या फुटांचाही उपयोग नाही. तरी पाटीपुढे फोटोला रांग, रांगेत भांडण, भांडणात आपली मराठी माणसं आघाडीवर. हवेत ऑक्सिजन जवळपास निम्मा, वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका असं ड्रायव्हर घसा फोडून सांगतोय आणि लोक एका फोटोत स्वेटर, दुसऱ्यात स्वेटर काढून. आजूबाजूला चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. राग आला मला. मग लक्षात आलं की आपणही इथे डिझेल जाळत आंघोळीला निघालोय, म्हणून गप्प बसलो. चहा प्यायलो तोही धड नव्हता, त्या उंचीवर पाणी 82-83 अंशालाच उकळतं म्हणे, पत्ती बिचारी नुसती भिजते.

पुढे नॉर्थ पुल्लू, खारदुंग गाव, खालसर, श्योक नदीवरचा पूल, सुमूर. रस्ताभर सीमा रस्तेवाल्यांच्या त्या यमक जुळवलेल्या पाट्या, 'डोन्ट बी गामा इन द लँड ऑफ लामा' वगैरे, आणि काका प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून तिचं मराठी करणार. गामाचं मराठी करताना ते दहा मिनिटं अडकले. तेवढीच शांतता.

साडेअकराच्या सुमारास पनामिक. डोंगराच्या उतारावर पाणी वाफाळत येतंय, दगडांवर पिवळट-केशरी थर, गंधकाचा वास. नुब्राच्या खोऱ्यातून काराकोरम फॉल्ट नावाची मोठी भेग जाते, पाणी तिच्यातून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलेलं, बायकोवर इंप्रेशन मारायला. ती ऐकायला थांबलीच नाही, बायकांच्या बाजूला पळाली. पुरुषांच्या बाजूला एका खोलीला कुलूप, एकीत तीन ट्रकवाले आधीच शिरलेले, उरली एक. दाराशी मी पहिला होतो. हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे, मी पहिला होतो.

"अरे, मी पटकन येतो," काका मागून म्हणाले. "मला काय, दोन तांबे."

वयाला मान म्हणून मी बाजूला झालो. आईवडिलांनी लावलेल्या सवयींपैकी ही सगळ्यात महागात पडलेली.

कडी लागली. पाण्याचा आवाज आला. मी बाहेर, अंगात जॅकेट, खाली हाफ पँट, खांद्यावर हॉटेलचा पांढरा टॉवेल, हातात साबणाची डबी. वारा असा की पोटऱ्या आहेत की गेल्या ते हात लावून बघावं लागत होतं. दहा मिनिटं गेली. आतून सुरू झालं, "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति..."

"काका, झालं का?"

"श्लोक चालू आहे ना रे! मध्ये बोललं की पहिल्यापासून म्हणावा लागतो." आणि खरंच पहिल्यापासून. गंगे च यमुने चैव.

मी दहा मिनिटं श्वास रोखून उभा. शेवटी नर्मदेपर्यंत आले आणि तेच थांबले. "नर्मदे सिंधु कावेरि... अरे, सिंधू इथेच जवळ ना?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माहिती असलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही हा एक आजारच आहे. मी म्हटलं, "हे पाणी नुब्रा नदीत जातं काका, नुब्रा श्योकला मिळते, श्योक पुढे जाऊन सिंधूला."

"बघ! म्हणजे आपण आत्ता सिंधूतच आंघोळ करतोय."

आपण!

तेवढ्यात काकू आल्या, बायकांकडचं सगळं आटोपून, गाल गुलाबी, केस पुसत. मी आशेने म्हटलं काकू, जरा हाक मारा ना. तर म्हणाल्या, "काही उपयोग नाही रे, ह्यांना पाऊण तास लागतोच. घरी आम्ही सगळे ह्यांच्या आधी उरकून घेतो." आणि पिशवीतून मला दोन जर्दाळू दिले. थंडीने कुडकुडत, हाफ पँटवर, एका बंद दारापुढे मी जर्दाळू खाल्ले. हे आधी नसतं का सांगता आलं? पहाटे पाचपासून ही बाई माझ्या मागच्या सीटवर होती!

आतून आता चुबुक चुबुक असा वेगळाच आवाज यायला लागला.

"काका, काय करताय?"

"बनियन धुतोय. गरम पाणी फुकट आहे तर. दोनच आहेत रे."

तिकडे आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बाराला निघायचं ठरलेलं, वर ढग येतायत, उशीर झाला तर खिंडीत अडकू. मी दार वाजवलं, मान वगैरे आता बाजूला ठेवून, चांगलं जोरात.

"पाणी तसं बरंय," आतून शांतपणे. "पण आमच्या तुरळपेक्षा कमी गरम वाटतंय. ते बघितलंयस का तू? मुंबई-गोवा हायवेला लागून, गाडीतून उतरलं की कुंड. राजवाडीला पण आहे. आमच्याकडे उन्हाळेच म्हणतात त्याला. डोंबिवलीहून म्हणशील तर वज्रेश्वरी जवळ."

आतापर्यंत पोटऱ्यांवरून थंडी डोक्यात गेली होती. "मग काका, तुरळ सोडून, वज्रेश्वरी सोडून, तुम्ही इथे का आलात?"

आत जरा विचार झाला. "तिथे कोण आंघोळ करणार रे? फार गर्दी असते, नंबरच लागत नाही."

मग कडी निघाली, दार चार बोटं उघडलं, वाफेतून एक हात आला आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून आत गेला. "दे रे जरा, माझा गाडीत राहिला." दार बंद. हे सगळं इतकं सहज झालं की मी "घ्या ना काका" असं म्हटलं. माझ्याच तोंडून. विचारून बघा बायकोला, ती मागेच उभी होती आणि हसत होती.

काका बाहेर आले ते लालबुंद, प्रसन्न, कमरेला माझा टॉवेल, हातात पिळलेलं बनियन. "जा आता निवांत," म्हणाले. निवांत कसला, ड्रायव्हर स्वतः बोलवायला आलेला. मी आत गेलो, बूट काढले, पावलं पाण्यात बुडवली, तोंडावर चार ओंजळी मारल्या आणि जॅकेटच्या बाहीला तोंड पुसलं. बरोब्बर तीन मिनिटं. आणि पाणी काय होतं म्हणून सांगू! त्या तीन मिनिटांचं दुःख वेगळंच आहे, पाणी वाईट असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर नॉर्थ पुल्लूच्या पुढे बर्फ, समोर एक ट्रक फसलेला, आम्ही दोन तास जागच्या जागी. काकांनी बनियन खिडकीच्या काचेत धरून बाहेर वाळत घातलं होतं. आत ओढलं तेव्हा ते पापडासारखं कडक झालेलं, उभं राहत होतं. दोन तास ते माझ्या मांडीवर वितळलं. काका माझ्या खांद्यावर झोपलेले, अंगाला गंधकाचा वास, खरं सांगायचं तर जरा हेवा वाटला त्या वासाचा. मध्येच जागे होऊन म्हणाले, "तुझं डोकं दुखतंय का रे? मला बघ, काहीच नाही. त्या पाण्यात गुण आहे."

रात्री साडेदहाला लेह. हॉटेलचं गरम पाणी नऊला बंद. डाळ गार. टॉवेलची आठवण मला तेव्हा झालीच नाही, ती दुसऱ्या दिवशी काऊंटरवर झाली. काकांना विचारलं तर म्हणाले, "तो हॉटेलचाच होता ना? मी तिथेच खुंटीला ठेवला, म्हटलं येईल कुणाच्या उपयोगी."

काल ग्रुपवर त्यांचा फोटो आला. काकूंनी काढलेला. पनामिकचे डोंगर, वाफ, मधोमध काका, कमरेला टॉवेल, दोन्ही हात जोडलेले. खाली लिहिलंय, 'सिंधुस्नान'. डाव्या कोपऱ्यात माकडटोपी घातलेला एक माणूस अर्धा दिसतोय, हातात साबणाची डबी. बावीस जणांनी नमस्कार टाकलेत, त्यात एक आमच्या हिचा आहे.