मनापासून, पण तीनशेच्या आत

नाताळ जवळ आला की ठाण्यातल्या मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे आपल्याला केक फार आवडतो. आणि दुसरी, पगार एक तारखेला होतो, नाताळ मात्र त्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी येतो. त्या आठवड्यात खिशात जे उरलेलं असतं त्याला आपण बजेट म्हणतो. तेवढ्यात ऑफिसातला सीक्रेट सांता, मुलीच्या क्लासच्या टीचर आणि समोरच्या आंटी असे तिघे बसवायचे, शिवाय दिलेली वस्तू विचार करून दिल्यासारखी दिसली पाहिजे. घाबरू नका. मी जन्मापासून चरईत राहतो, बावीस वर्षं नोकरी करतोय, दर नाताळात हेच करतोय आणि अजून कोणी माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. निदान उघडपणे तरी नाही.

आधी मनातला न्यूनगंड काढून टाका. बेथलेहेमला पूर्वेकडून विद्वान आले आणि त्यांनी बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस दिला, हे ऐकून आपल्याला उगाच लाजल्यासारखं होतं. पण जरा नीट वाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात भेटी तीन सांगितल्या आहेत, माणसं किती ते सांगितलेलंच नाही. भेटी तीन म्हणून माणसंही तीनच, हे लोकांनी मागाहून धरलं. मला दाट संशय आहे की ते आठ-दहा जण असणार आणि त्यांनी वर्गणी काढली असणार. सोन्याचे पैसे कोणी भरले आणि ऊदावर कोणी भागवलं, यावरून परतीच्या वाटेवर त्यांच्यात धुसफूसही झाली असणार. तेव्हा बिनधास्त वर्गणी काढा. फक्त कार्डावर नावं लिहिताना आपलं पहिलं लिहा.

आता सीक्रेट सांता, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. सांता म्हणजे मूळचे संत निकोलस, मायराचे बिशप. मायरा आज तुर्कस्तानात येतं. आख्यायिका अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर निकोलसांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. कोणाला कळू दिलं नाही. आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सकाळी अकराला चिठ्ठ्या उचलल्या जातात आणि डबा खायच्या वेळेपर्यंत कोणाला कोण आलं हे वॉचमनलाही ठाऊक असतं. मर्यादा तीनशे रुपयांची. दरवर्षी कोणीतरी नवा मुलगा सहाशेचं काहीतरी आणतो आणि सगळ्यांना तोंडघशी पाडतो. त्याला कॅन्टीनच्या टेबलावर आठवडाभर एकटं बसवावं, एवढीच माझी सूचना आहे.

ज्याचं नाव आलं त्या माणसाचा विचार करा, असं सगळे सांगतात. चुकूनही करू नका. विचार केला की खर्च वाढतो. गेल्या वर्षी मला अकाउंट्समधले गृहस्थ आले. मी विचार केला. त्यांची पाठ दुखते, दुपारी ते खुर्चीत पाठीशी स्वेटरची गुंडाळी ठेवतात, हे आठवलं. पाठीच्या उशीची किंमत पाहिली, नऊशे. अशा वेळी विचार मागे घ्यावा आणि मग, मग द्यावा. त्यांच्याकडे आता सात मग आहेत. पाठ अजून दुखते.

आता येऊ मुख्य विद्येकडे, म्हणजे स्टिकरकडे. जांभळी नाक्याला जा. तिथे काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती मिळते. झाकणाला सुतळीची गाठ, बुडाला पांढरा स्टिकर आणि त्यावर कमाल किरकोळ किंमत 799, सर्व करांसह. दुकानदार दोनशे सांगतो, तुम्ही जायला निघाल्यासारखं करता, तो दीडशेला देतो. आता लक्ष द्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. कमीत घेणं बेकायदा नाही, आणि घेतल्यावर गप्प बसणं तर नाहीच नाही. नवखा माणूस घरी येऊन स्टिकर काढतो आणि साडेसहाशे रुपयांचं नुकसान करून घेतो. जाणकार तो अर्धवट काढतो. नखाने एक कोपरा उचलायचा, जरासा फाडायचा आणि सोडून द्यायचा. डिंकाचा राखाडी पट्टा दिसला पाहिजे आणि 799 शाबूत राहिला पाहिजे. घेणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याने किंमत लपवायचा किती प्रयत्न केला! स्टिकर 99 चा असेल तर मात्र खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने पुसा आणि दोनदा तपासा.

वेष्टणाचा कागद विकत घेणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पैसा त्यांचा आहे. आमच्याकडे गादीखाली मुंजीपासूनचे कागद आहेत, घडीवर घडी बसलेले. यात कमीपणा कसला? 1917 च्या नाताळात अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू पेपर संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीचा कागद गिऱ्हाइकांपुढे ठेवला आणि तो हातोहात खपला. म्हणजे हा धंदाही वेळ मारून नेण्यातूनच वाढला. गादीखालचा कागद वापरताना एकच पथ्य पाळा: ‘चि. सौ. कां.’ असं छापलेली बाजू आत गेली पाहिजे.

हाताने बनवलेली भेट सगळ्यात स्वस्त, हा समज ज्याने पसरवला त्याने कधी गोखले रोडवर ॲक्रेलिकचे रंग घेतलेले नाहीत. आमच्या मुलीने टाकाऊतून टिकाऊ म्हणून एक बाटली रंगवायला घेतली. रंग, ब्रश, गोंदाची बंदूक, तागाची दोरी आणि बाटलीत सोडायचे बारीक दिवे मिळून 640 रुपये झाले. बाटली तेवढी फुकट होती. ती कुठून आली, हे टीचरनी मुलीला विचारलं आणि मुलीने खरं सांगितलं.

अमेरिकेत जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये नाताळच्या भेटींवर शोधनिबंधच लिहिला. विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या भेटी तुमच्या लेखी किती रुपयांच्या, म्हणजे डॉलरच्या? हिशेब असा निघाला की दिलेल्या पैशातला दहावा ते तिसरा हिस्सा पाण्यात जातो. म्हणजे तीनशेची वस्तू घेणाऱ्याला दोनशे ते दोनशे सत्तरची वाटते. वॉल्डफोगेल ठाण्यात आलेला नसावा. इथे समोरचा ‘अहो, कशाला आणलंत!’ म्हणतो आणि मनात ऐंशी धरतो. एकही पैसा वाया न जाणारी भेट म्हणजे पाकीट, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर भेटी आल्या तर आयकर लागतो म्हणतात. तुमची पाकिटं घेणाऱ्या कोणालाही ही वेळ येणार नाही, याबद्दल माझी खात्री आहे.

राहिल्या समोरच्या आंटी. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इकडच्याच मूळच्या ख्रिस्ती. नाव कंपनी सरकारचं, ते या लोकांनी 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. माणसं मात्र पिढ्यानपिढ्या इथलीच, घरात मराठी बोलणारी. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांना मराठ्यांनी 1737 मध्ये ठाण्यातून घालवलं आणि शब्द ठेवून घेतला. फुकट आलेली वस्तू परत न करण्याची आपली परंपरा ही एवढी जुनी आहे.

गेल्या नाताळात मी आंटींना ती मेणबत्ती दिली, कोपरा फाडलेली. त्यांनी ती आधी उलटी केली, मग चष्मा लावला.

“जांभळी नाक्यावरची ना रे? मला चार दिल्या त्याने पाचशेला. तुला केवढ्याला पडली?”

मी म्हटलं, “आंटी, भेटीची किंमत विचारू नये.”

“म्हणजे दीडशेला घेतलीस,” आंटी म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ताट घेऊनच. एरवी प्लास्टिकचा डबा येतो, या वेळी स्टीलचं जड ताट, वर क्रोशाचा रुमाल. कलकल, करंजीची बहीण शोभतील अशा न्यूऱ्या, मार्झिपानची गुलाबी पानं, केकचे दोन मोठे तुकडे. हे सगळं त्या आठवडाभर आधीपासून करत असतात. रात्री अकरापर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा आमच्या बाल्कनीतून दिसतो. वॉल्डफोगेलच्या पद्धतीने याची किंमत काढायला बसलो होतो, पण तोपर्यंत ताट संपलं.

रिकामं ताट परत करायचं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण लगेच भरून द्यायची घाईही करू नका. 25 डिसेंबर ते 14 जानेवारी हे वीस दिवस ताट आपल्याकडे ठेवा आणि संक्रांतीला त्यात तिळगूळ घालून पाठवा. एका फेरीत नाताळही फिटतो आणि संक्रांतही होते. मी तेच केलं. वीस दिवस आमच्याकडे त्यात कणीक मळली गेली.

तेरा तारखेला रात्री ते घासून उपडं ठेवलं तर काठाला टोचून घातलेलं नाव दिसलं. सप्रेम भेट, पुढे आमचं आडनाव, 12-5-96. आंटींच्या मुलीच्या लग्नात आईने दिलेलं. म्हणजे तिळगूळ घालून आपण आपलंच ताट देणार, तर ते भेटीत धरायचं की नुसता तिळगूळच धरायचा, यावर हिचं आणि माझं एकमत होईना. शेवटी आईला उठवून विचारलं.

आईने ताट हातात घेतलं, नाव वाचलं, अंगठा फिरवून पाहिला.

“याच्याबरोबर सहा वाट्या होत्या,” ती म्हणाली. “त्या कुठे आहेत?”