चेक चेक करा आणि चेक्सवाल्यांना द्या

मंगळवारी सकाळी मोबाइल वाजला. खात्यातून 118 रुपये वजा. मी कुणाला 118 रुपये दिले नव्हते. उलट मलाच 750 रुपये यायचे होते. एका व्याख्यानमालेत तासभर बोलल्याचं मानधन, शाल-नारळासोबत पाकिटातून मिळालेला चेक. तो वटला नाही. खजिनदारांची सही जुळत नाही म्हणे. सही त्यांची, हात थरथरला त्यांचा, चेक परत गेला त्यांचा आणि दंड माझा! 100 रुपये शुल्क, वर 18 टक्के जीएसटी. सगळ्या समारंभातला नारळ तेवढा वटला. त्याची चटणी झाली.

साडेदहाला बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं, "काका, तो चेक चेक करा आणि चेक्सवाल्या सरांना द्या."

मला वाटलं मुलगी अडखळली. पण नाही, वाक्य व्याकरणशुद्ध होतं. पहिला चेक नाम, दुसरा क्रियापद, तिसरा शर्ट. ('काका' मात्र मला खटकलं. मी पन्नाशीचा असलो तरी ते तिने चेक करायला नको होतं.)

चेक्सवाले सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं, चेहऱ्यावर कर्ज नाकारल्याचा भाव. मी अदबीने चेक पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, चेक उजेडाकडे धरला, उलटा केला, आणि का कोण जाणे, त्यावर फुंकर मारली.

"खोडाखोड आहे."

"खोडाखोड नाही सर, ती सही आहे."

"ही? मुंगी शाईत पडून घरी चालत गेल्यासारखी दिसतेय."

"खजिनदार ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. ही माझी बघा." आणि त्यांनी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर एकाखाली एक तीन सह्या ठोकल्या. तिन्ही एका साच्यातून काढल्यासारख्या. मी "वा!" म्हणालो. साहेबांशी कशाला बिघडवा? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे नोकरीत कसे, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण 118 रुपये गेलेल्या माणसाचं गणित आधीच बिघडलेलं असतं.

"खोडाखोड चालतच नाही," ते म्हणाले. "2010 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारखेपुरतं ठीक, बाकी काही खोडलं की नवीन फाडायचा."

"मग सर, चेकचे माझे 118..."

"थांबा. आधी शब्द सुधारा. चेक नाही. धनादेश." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे 'धनादेश पेटी' असं लिहिलं होतं आणि पेटीच्या झाकणाला चिकटपट्टी होती. "आपल्या भाषेत शब्द असताना परका शब्द कशाला?"

धनाला आदेश दिला गेला होता खरा. धनाने ऐकला नाही.

"आता यांना शह कसा द्यायचा ते मी सांगतो," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मॅनेजरला लेखी द्या. पोच घ्या. त्याने हात वर केले की वरच्या ऑफिसला. शहाला काटशह! शेवटी मात आपणच करायची."

इथे माझ्याच्याने राहवलं नाही. हा माझा जुना रोग आहे. भांडायला जातो आणि व्युत्पत्ती सांगून परत येतो.

कारण 'शह' म्हणजेच चेक. फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर रोख धरला की 'शाह' म्हणून बजावायचं. आपण तो शब्द फारसीतून घेतला आणि शह केला. युरोपात तोच अरबीच्या वाटेने लॅटिनमध्ये शिरला, तिथून फ्रेंचांकडे गेला आणि इंग्रजांच्या हाती लागेपर्यंत त्याचा 'चेक' झाला. 'शाह मात'चं चेकमेट झालं. म्हणजे 'मात'सुद्धा तीच. राजाला अडवणं, मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं, असं करत चेक तिकीटचेकरपर्यंत पोचला. पटावरच्या चौकटींवरून कापडाला चेक्स म्हणू लागले. बँकेच्या कागदाची गंमत तर और आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात 'चेक' म्हणत ते स्थळप्रतीला. खोटी चिठ्ठी कुणी आणली तर जुळवून पकडता यावी म्हणून जवळ ठेवलेला तो तुकडा. पुढे नाव तपासणाऱ्या तुकड्यावरून उडून तपासल्या जाणाऱ्या कागदावर जाऊन बसलं. अमेरिकेत तर हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात. माझ्या न्यू जर्सीच्या भाच्याने जेवण झाल्यावर "मामा, चेक मागवू?" विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "अरे, कार्डाने दे की."

हे सगळं मी सरांना सांगितलं. भाचा वगळून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मीही चेकच म्हणालो, असं तुमचं म्हणणं?"

"एका परीने, हो."

"मी शह म्हणालो. चेक तुम्हाला ऐकू आलं." मग जरा मवाळ होऊन, "तुमची सही करून दाखवा बघू."

मी केली. त्यांनी ती माझ्या देखत तपासली आणि "हं" म्हणाले. परीक्षेत काठावर पास झाल्यासारखं वाटलं.

"सर, मग माझ्या पैशांचं?"

"मी कुठला सर? मी पासबुक भरायला आलोय. मशीन बंद आहे. साडेनऊपासून बसलोय."

अर्धा तास! माझा चेक, माझी सही, बाराशे वर्षांचा शब्दांचा प्रवास, सगळं मी एका पासबुकवाल्यापुढे मांडलं होतं. खरे सर चहाला गेले होते. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून हसत होती, निदान मला तरी तसं वाटलं.

वाट बघता बघता आठवलं, की इंग्लंडचा अर्थमंत्री अजूनही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. एक्स्चेकर म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या दरबारी जमाखर्च व्हायचा तो दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबलावर. त्यावर रेघांचं काळं कापड आणि त्या घरांत सोंगट्या सरकवून हिशेब. एका बाजूला खजिनदार, समोर वसुली घेऊन आलेला शेरीफ. तेव्हाच्या खजिनदारानेच लिहून ठेवलंय, की हा दोघांचा डाव आहे, बुद्धिबळासारखा. इंग्रजीत चेकच्या स्पेलिंगला ती 'क्यू'ची शेपटी लागली, तीही या एक्स्चेकरच्या नादाने. मला त्या शेरीफचा हेवा वाटला. त्याचा पैसा निदान त्याच्या डोळ्यांदेखत सरकत होता. माझे 118 रुपये झोपेत गेले.

त्यातले 18 तर जास्त झोंबतात. मी मुलुंडचा. आमच्याकडे चेकनाका आहे. म्हणजे नाका आहे, चेक नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, ट्रकांची तपासणी संपली. रिक्षावाला तरी "चेकनाका?" असंच विचारतो. तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, आता रांगा संपल्या म्हणून. नाक्यावरून उठलेला कर माझ्या न वटलेल्या मानधनावर येऊन बसेल, हे कुणाला ठाऊक होतं? न मिळालेल्या पैशांवर सेवा कसली दिली यांनी? परत पाठवण्याची? खजिनदारांचा हात वयाने हलतो, तर त्यांना बोलावून नवी सही घ्यायची की नाही? नमुना वीस वर्षांपूर्वीचा आणि माणूस आजचा. कसा जुळणार? आणि मी त्यांना फोन करून "तुमची सही चुकली" म्हणू तरी कसा? त्यांनी स्वतःच्या हाताने नारळ दिला होता.

खरे सर आले. त्यांच्या शर्टाच्या चौकड्या इतक्या बारीक होत्या की जवळून चेक केल्याशिवाय दिसू नयेत.

"पैसे परत मिळतीलच असं नाही. अर्ज द्या, वर पाठवतो. सोबत एक कॅन्सल्ड चेक जोडा."

"तो कशाला?"

"खातं तुमचंच आहे ना, ते चेक करायला."

चेकबुकात शेवटचं पान उरलं होतं. पासबुकवाल्या काकांनी तीनपैकी एक पेन न मागता पुढे केलं. मी त्या कोऱ्या करकरीत चेकवर दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि मधे 'कॅन्सल्ड' लिहिलं. काका खांद्यावरून वाकून बघत होते.

"अहो," ते हळहळले, "खोडाखोड चालत नाही म्हणून आत्ताच सांगितलं ना?"