१८ ते कितीपर्यंत?

कॅमेरा घेताना माणसाला एवढा त्रास होत नाही हो. बजेट ठरतं, त्यात दोन-तीन बॉडी बसतात, त्यातली एक हातात बरी वाटते, संपला विषय. खरा छळ सुरू होतो तो सोबत आलेल्या १८-५५ एमएम किट लेन्सचा (आकडा छोटा तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ) कंटाळा आल्यावर, म्हणजे झाडावरचा पक्षी फोटोत मुंगीएवढा यायला लागला आणि 'कुठाय पक्षी?' असं घरचे विचारायला लागले की. मग डोक्यात किडा वळवळतो की आता एकच 'ऑलराउंडर' झूम घ्यायची आणि सगळं त्याच्यात उरकायचं. सगळं म्हणजे काय, तर अख्खा डोंगर आला पाहिजे, डोंगरावर उभा असलेला माणूस पण आला पाहिजे, त्याच्या नाकावरची माशीसुद्धा आली पाहिजे, संध्याकाळी घरातल्या उजेडात पोरांचे फोटो हलता कामा नयेत, मागचं सगळं मस्त धूसर झालं पाहिजे, वजन नको, आणि लेन्स बदलायला तर अजिबात लागू नये कारण बदलताना सेन्सरवर धूळ बसते. बास, एवढंच. फार काही मागत नव्हतो.

पहिली गंमत म्हणजे ज्याला सांगाल तो विचारतो, 'किती एक्स आहे?' आता हे एक्स म्हणजे निव्वळ भागाकार आहे, मोठ्या आकड्याला छोट्या आकड्याने भागायचं. १८-५५ घ्या, ३ एक्स. ७०-२१० घ्या, ती पण ३ एक्स! एक लेन्स समोरची खोली दाखवते, दुसरी समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी दाखवते, आणि एक्स दोघींचे सारखेच. हे मी एकाला समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ते ठीक आहे रे, पण तू घेतोयस ती किती एक्सची?'

त्यातून हे आकडे वाढतच चाललेत. निकॉनने २००५ मध्ये १८-२०० आणली तेव्हा ११ पट झूम म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० काढली, २२ पट! शिवाय हे सगळं छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, त्यामुळे वर १८ लिहिलेलं असलं तरी फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, हिशोबात ती दीडपट, २७ सारखी वागते आणि कॅननवाल्यांकडे २९ सारखी, कारण तिथे दीडऐवजी १.६ ने गुणायचं. म्हणजे एकदा भागाकार, एकदा गुणाकार. शाळेत गणिताच्या तासाला एवढं लक्ष दिलं असतं तर आज फुल फ्रेमच परवडला असता.

नावांबद्दल तर बोलायलाच नको. 'एएफ-एस डीएक्स निक्कोर १८-२०० एमएम एफ/३.५-५.६ जी ईडी व्हीआर टू'. एवढ्या पदव्या आमच्या अख्ख्या खानदानात मिळून नसतील. हात हलला तरी फोटो हलू नये ही सोय, म्हणजे स्टॅबिलायझर, तर प्रत्येकाकडे वेगळ्या नावाने, कॅननचं आयएस, निकॉनचं व्हीआर, टॅमरॉनचं व्हीसी, सिग्माचं ओएस, सोनीचं ओएसएस. काम थोड्याफार फरकाने तेच, पण आपण मात्र आठवडाभर 'व्हीसी चांगलं का ओएस चांगलं' करत बसतो.

सल्लागारांचा तोटा नव्हता. एक मित्र आहे, पक्का प्राईमवाला, म्हणजे झूम न होणाऱ्या, एकाच आकड्याच्या लेन्सचा भक्त, ५० एमएम एफ/१.८ सोडून दुसरं काही वापरणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो म्हणे, 'झूम कशाला हवी? पायाने झूम कर.' बगळा नदीच्या पलीकडे असताना पायाने झूम कसं करायचं हे तो सांगत नाही. आणि जवळ चालत गेलं की नुसता आकार वाढत नाही, पुढच्या-मागच्या गोष्टींचं सगळं नातंच बदलतं, मागचा डोंगर बिचारा लहान होऊन जातो, हे त्यालाही माहितीये पण वादात तो ते धरत नाही. दुसऱ्याने मला एमटीएफचे, म्हणजे लेन्स मधोमध ते कोपऱ्यापर्यंत किती शार्प आहे ते दाखवणारे, ग्राफ पाठवले, सरळ रेघा, तुटक रेघा, डावीकडून झोकात निघून उजवीकडे कोसळणाऱ्या. मी ते रोज रात्री झोपण्यापूर्वी बघायचो. 'हे काय, ईसीजी कुणाचा?' बायकोने विचारलं. तुटक रेघ उजव्या टोकाला, म्हणजे फोटोच्या कोपऱ्यात, पार तळाला गेली होती, त्यामुळे तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

मग मी परीक्षणं वाचायला लागलो आणि विटांच्या भिंतींच्या जगात शिरलो. लेन्स नीट आहे का बघायला लोक विटांच्या भिंतीचा फोटो काढतात, कारण विटांच्या रांगा वाकड्या दिसल्या की लेन्सचं पितळ उघडं पडतं. जगात विटांच्या भिंतींचे जेवढे फोटो या लोकांनी काढलेत तेवढ्या भिंती गवंड्यांनी पण बघितल्या नसतील. आणि ते फोटो शंभर टक्के मोठे करून डाव्या कोपऱ्यातली वीट जरा सॉफ्ट, म्हणजे पुसट, आहे यावर पानंच्या पानं. मीही बघितली ती वीट. खरंच सॉफ्ट होती.

शेवटी म्हटलं वाचून डोक्याचा भुगा झाला, आता हातात घेऊन बघू, आणि एकाकडून १८-३०० मागून आणली. गळ्यात अडकवून चालायला लागलो तर पोटाकडे काहीतरी हळूहळू लांब होतंय असं वाटायला लागलं. बघतो तर लेन्स आपली आपण खाली सरकत पूर्ण ३०० पर्यंत पोचलेली, समोरून येणारे लोक रस्ता सोडून बाजूला होतायत. याला झूम क्रीप म्हणतात. पुढची काच जड असते, नळी जरा सैल पडली की गुरुत्वाकर्षण बाकीचं बघून घेतं. त्यासाठी बाजूला एक छोटं लॉकचं बटण दिलेलं असतं, ते फक्त १८ वर लागतं, आणि समोर पक्षी आला की ते हमखास लागलेलंच असतं, आपण रिंगशी झटापट करतो आणि तोवर पक्षी दुसऱ्या तालुक्यात.

घरी आल्यावर दरवाजाचा फोटो काढला. १८ वर चौकट पोट सुटल्यासारखी बाहेर आली, जरा झूम केलं तर तीच चौकट कंबरेत आत गेली. सॉफ्टवेअर हे सरळ करतं म्हणा, त्याबद्दल मी फार मनाला लावून घेत नाही. खरी परीक्षा झाली संध्याकाळी, भाचा घरी आला तेव्हा. या लेन्सचं तोंड १८ वर एफ/३.५ पर्यंत उघडतं पण झूम करत जाल तसं ते मिटत एफ/६.३ वर येतं, म्हणजे प्रकाश जेमतेम एक तृतीयांश. घरातल्या दिव्यात कॅमेऱ्याने शटर दिलं सेकंदाचा पंधरावा भाग. स्टॅबिलायझरने आपलं काम चोख केलं, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, कॅलेंडरवरची तारीख, सगळं कसं खणखणीत शार्प. भाच्याच्या जागी मात्र निळ्या टीशर्टचं एक धुकं. स्टॅबिलायझर आपला हात धरतो, भाच्याचा नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवून बघितला तर भाचा थांबला, पण चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखा दिसायला लागला.

बायको म्हणाली, 'अरे पण तुला नक्की कुठला नंबर लागतो ते तरी बघ ना.' या सगळ्यात हे एकच वाक्य कामाचं होतं. प्रत्येक फोटोच्या आत तो किती एमएमवर काढला ते लिहिलेलं असतं, सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार फोटो लावता येतात. माझे सगळे जुने फोटो तसे लावले. निम्मे १८ वर, निम्मे ५५ वर, आणि मधल्या अख्ख्या पट्ट्यात शुकशुकाट, ३५ च्या आसपास चार-दोन चुकार फोटो, ते पण बहुतेक पिशवीतून काढताना बटण दाबलं गेलेले. म्हणजे मी झूम वापरतच नव्हतो, रिंग या टोकाला नाहीतर त्या टोकाला, जिथे थांबेल तिथे क्लिक. मग उधारीच्या १८-३०० चे फोटो लावून बघितले. १८, आणि थेट ३००! प्राईमवाल्या मित्राला हे दाखवलं तर तो हसून हसून बेजार, म्हणे 'तू दोन प्राईमवाला आहेस, फक्त त्या एकाच नळीत घेऊन फिरतोस.'

इथे माझं घोडं जरा पुढे सरकलं. हात रिंग अडेपर्यंत फिरणारच असेल तर पुढे १४० आहे का ४०० याने माझ्या स्वभावात काडीचा फरक पडणार नाही, ४०० वर पण मला वाटणारच की अजून थोडं हवं होतं. उलट मागच्या टोकाचा एकेक एमएम किमती, १६ आणि १८ मधले दोन एमएम हे ३८० आणि ४०० मधल्या वीसापेक्षा जास्त जाणवतात, पण पुढचा आकडा मोठा असला की तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. राहिलं वजन. १८-४०० चं ७०० ग्रॅमच्या आसपास, १८-१४० चं ४९० ग्रॅम. मान माझी आहे, ती लेन्सबरोबर मिळत नाही. म्हणून १८-१४० घेतली आणि तुलनेच्या सगळ्या टॅब बंद केल्या, लॅपटॉपचा पंखासुद्धा थांबला.

आता ही नवीन लेन्स पुढून ६७ मिलिमीटरची आणि माझ्याकडचा पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, ५२ चा, तो काही तिच्या तोंडावर बसत नाही. मापं जुळवणारी रिंग लावून बसवला तर फोटोचे चारी कोपरे काळे. त्यामुळे नवीन घ्यायला लागणार, आणि त्यात साध्या जाडीचे असतात, स्लिम असतात, कोटिंगवाले असतात, बिनकोटिंगचे असतात, चुंबकाने चिकटणारे पण निघालेत म्हणे. कालपासून परत टॅब उघडलेत, सध्या स्लिमपर्यंत पोचलोय.