आधी विचारायचं, मग करायचं

नमस्कार. शाळेतल्या मुलांच्या समाजसेवेच्या उपक्रमांबद्दल सविस्तर लिहिलंत, आभार. 'परवानग्या, नोंदी, हिशेब यांत मुलांचा उत्साह मरतो. सरळ कामाला लावा, चुकतमाकत शिकतील,' असं तुमचं म्हणणं. केवळ गुणांसाठी भरलेले जाडजूड अहवाल मलाही नकोत. पण समाजात काम करताना चूक मुलांची होते आणि ती निस्तरावी लागते भलत्यालाच. माझा विरोध आहे तो इथे.

हेतू चांगला असला की भलंच होतं, असं नाही. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प सुरू झाला. काही मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, सुट्टीतली शिबिरं मिळाली. तशाच दुसऱ्या मुलांना तुलनेसाठी काहीच दिलं नाही. पुढे संशोधक जोन मकॉर्ड यांनी दोन्ही गटांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांचीच अवस्था कित्येक बाबतींत जास्त वाईट निघाली! आणि त्यांच्यातल्या अनेकांना मात्र आपलं भलं झालं असंच वाटत होतं. तुलनेची सोय आधीच केली नसती, तर हे कधी कळलंच नसतं.

आमच्या मुलांना वृद्धाश्रमात गाण्यांचा कार्यक्रम करायचा होता. मी एवढंच म्हटलं, आधी जाऊन विचारून या. एक आजोबा म्हणाले, "गाणी नकोत. पेपर वाचून दाखवा. पण रोज नवा चेहरा नको, ओळख होते न होते तोच माणूस बदलतो." मुलांनी बेत बदलला. ठरलेली दोघं, ठरलेला वार. परीक्षेच्या दिवसांत कोण जाणार आणि काम थांबवायचं झालं तर आजोबांना कोण, किती आधी सांगणार, हेही त्यांनी लिहून काढलं. फोटोंवर वर्गात बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि 'नको' म्हटलं तर कारण विचारायचं नाही. तुम्ही ज्याला कागदपत्रं म्हणता, ती आमच्याकडे एवढीच. त्यातला शब्दन् शब्द मुलांचा आहे, आणि उत्साह कुठे कमी झालेला मला दिसला नाही.

राहिला पैशांचा हिशेब. तो शाळेत तर द्यायचाच, पण ज्यांच्या नावाने वर्गणी गोळा केली त्यांच्यासमोर आधी. याबाबतीत सूट द्यायची माझी तयारी नाही.