गरोदर बाईला विहिरीवर पाठवणारा तो फॉरवर्ड

"आजी जातं ओढायची, तिला कधी जिम लागली नाही" अशी सुरुवात असलेला लांबलचक मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. त्यात म्हटलंय की जुन्या बायका दळण-कांडण, धुणं, विहिरीचं पाणी, शेतातली खुरपणी हे सगळं करायच्या म्हणून सडपातळ आणि निरोगी होत्या, नवव्या महिन्यापर्यंत राबायच्या म्हणून बाळं गुटगुटीत व्हायची, घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम लागतच नाही, आणि आताच्या मुलींची जाडी नि पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) हे सगळं मिक्सर आणि वॉशिंग मशीनमुळे आहे. एरवी मी असलं काही आलं की डिलीट करते. पण हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूबाईंनी पाठवला, तिला पाचवा महिना चालू आहे, गावाकडे राहते, आणि खाली लिहिलं होतं "बघ, आता जरा कामाला लाग". ते वाचून डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

तर आधी गरोदरपणाचाच मुद्दा, कारण बाकी चुकांनी फार तर गैरसमज होईल, ह्याने बाळाचं नुकसान होईल. आणि ह्याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही, ते पुण्याशेजारच्याच सहा गावांत मिळालेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून तिथल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास केला, आणि त्यातलाच शोभा राव आणि सहकाऱ्यांचा पेपर २००३ मध्ये आला, त्यात सुमारे ८०० बायकांच्या रोजच्या कामाची नोंद होती, शेतातलं किती, घरातलं किती, आराम किती. निष्कर्ष असा की गरोदरपणात जिचं काम जास्त, तिच्या बाळाचं वजन कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. आईचं आधीचं वजन, कितवी खेप, किती आठवड्यांनी जन्म, मुलगा की मुलगी हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा हा फरक राहिला. आणि कुठली कामं बदलायला हवीत म्हणून त्यांनी ज्यांची नावं घेतली ती कोणती, तर विहिरीवरून पाणी आणणं आणि कपडे धुणं! फॉरवर्डमध्ये ज्या दोन कामांचं सगळ्यात जास्त कौतुक आहे तीच दोन. ह्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं अंगाने चांगली होती. म्हणजे सासूबाईंना खरंच नातवंडाची काळजी असेल तर मेसेज पाठवण्यापेक्षा ताटात मेथीची भाजी आणि हातात दुधाचा ग्लास द्या.

आता ते "सडपातळ म्हणजे निरोगी". ह्याच गावांतल्या त्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंमी, वजन ४२ किलोच्या आसपास, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) १८.१. बीएमआय १८.५ च्या खाली म्हणजे कुपोषण धरतात, म्हणजे ह्या राबणाऱ्या बायकांची सरासरीच कुपोषणात! त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या बाळांमध्ये कमी काय होतं, तर स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबीवाली, आणि पुढे डायबिटीस होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे नुसतं वजन आणि बारीक दिसणं बघून कोण फिट ते ठरवू नका, शरीरात स्नायू किती आणि चरबी किती हे बाहेरून दिसत नाही. दिवसभर वाकून खुरपलं तरी पोटात पुरेसं प्रोटीन आणि रात्री पुरेशी झोप नसेल तर स्नायू बनणार कशाचे? २०१९-२१ च्या एनएफएचएस, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. त्यात राबणाऱ्या बायका नाहीत का?

"घरकाम हाच व्यायाम" हेही बघू. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे कोणाचा दिवसातला किती वेळ कशात जातो त्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, पुरुषाचे ९७. पाच तास! तेवढ्याने भागत असतं तर एनएफएचएसमध्ये देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं नसतं. कामावरचे कष्ट आणि व्यायाम ह्यांचा परिणामही एकसारखा नसतो, कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला, पण कामावर अतिकष्ट करणाऱ्यांना ३५ टक्के जास्त. व्यायाम अर्धा तास आणि मग विश्रांती असते, मजुरीत आठ आठ तास तेच, आणि दम लागला तरी मुकादम थांबू देत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने का होईना. बसून काम वाढलं की वजन वाढतं हे खरं आहे, अमेरिकेत १९६० पासूनच्या पन्नासेक वर्षांत कामावर खर्च होणाऱ्या कॅलरी बायकांच्या बाबतीत दिवसाला सव्वाशेच्या आसपास घटल्या. आपल्याकडेही त्याच एनएफएचएसमध्ये शहरात ३३.२ टक्के बायका जास्त वजनाच्या, खेड्यात १९.७. पण शहरात खाणंही वेगळं आहे, आणि खेड्यात २१.२ टक्के बायका कुपोषित आहेत हा आकडा त्या फॉरवर्डमध्ये कोणी घातलेला नाही.

पीसीओडीचं थोडक्यात, वजन वाढलं की त्रास वाढतो हे बरोबर, पण बारीक मुलींनाही होतो, त्यामुळे त्याचा दोष मिक्सरला देऊन मुलीला डॉक्टरकडे न्यायचं टाळू नका.

आणि गरोदर बाईने झोपूनच राहावं असं मी म्हणत नाहीये, काही गुंतागुंत नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) स्वतः सांगतं. बहिणीला तिच्या डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलंय, ती चालते. हंडे भरायचं काम आता तिच्या नवऱ्याकडे आहे, आणि सासूबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलंय.