जुन्या जपानी ड्रमसेटच्या टॉमला भोक पाडू नका

‘जुन्या जपानी ड्रमसेटचे टॉम होल्डर सगळे एकाच मापाचे, नवा बसला नाही तर भोक मोठं करा’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. टॉम म्हणजे सेटमध्ये वर अडकवलेला ड्रम आणि होल्डर म्हणजे तो धरून ठेवणारा दांडा व ब्रॅकेट. पर्ल कंपनीच्या जुन्या सेटमध्ये जाड गोल नळी थेट टॉमच्या आत शिरते, तर यामाहाच्या ९००० या मॉडेलमध्ये बारीक षटकोनी दांडा असतो. दोन्ही ब्रॅकेट शेजारी ठेवून पाहिले की फरक लगेच दिसतो. आधी व्हर्नियर कॅलिपरने दांड्याची जाडी मोजा आणि मगच होल्डर शोधा.

होल्डर मिळेपर्यंत छोटा टॉम स्नेअर स्टँडवर ठेवता येतो. टेन्शन रॉडवर (ड्रमचं कातडं ताणणाऱ्या स्क्रूवर) अडकवायचा सस्पेन्शन माउंटही चालतो, त्यालाही शेल (ड्रमचं लाकडी गोल अंग) कापावं लागत नाही. लाकडात एकदा पाडलेलं भोक मात्र पूर्ववत होत नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.